उंची आणि उंची

मराठी भाषेत 'उंची' हा शब्द दोन ठिकाणी नोकरी करतो. बुरुजाची उंची असते ती मोजायची, आणि उंची अत्तर असतं त्याचे पैसे मोजायचे. एकाच शब्दावर ही दोन ओझी ज्या कोणा पूर्वजाने लादली, त्याला माणसाची जात पक्की ठाऊक असणार. माणसाला वर जायचं असतं, आणि आपण वर गेलो हे चार लोकांना दिसायलाही हवं असतं. पहिलं काम कष्टाने होतं, दुसरं पैशाने. त्यामुळे दुसऱ्याला गिऱ्हाईक नेहमीच जास्त.

आमच्या मराठवाड्यात उंचीचं कौतुक जुनंच आहे. नांदेड जिल्ह्यातल्या माळेगावच्या खंडोबाच्या जत्रेत घोडा बघायला आलेला माणूस आधी मान वर करतो आणि मग घोड्याचे दात बघतो. कंधारकडचा लाल कंधारी बैल असो की लातूरकडचा देवणी, जनावर उभं कसं राहतं हे चारी बाजूंनी पाहिल्याशिवाय रुमालाखाली बोटं जात नाहीत. मात्र बैलाच्या बाबतीत एक सोय नव्हती. विकत घेतल्यावर त्याला खालून तीन इंच वाढवता येत नसे. ही सोय मोटारीला आली, आणि नीतिशास्त्राचा एक प्रश्न थेट आमच्या ओसरीवर येऊन बसला.

प्रश्न आणला आमच्या लातूरच्या भाच्याने. त्याच्याकडे एक जुनी पिकअप आहे. गावचं सोयाबीन आणि तूर लातूरच्या मोंढ्यात न्यायची, येताना पेंड आणायची, आणि मधूनअधून चाकूर, अहमदपूर, लोहा करत नांदेडला मामाकडे यायचं, असा तिचा आयुष्यक्रम.

"मामा, गाडी उचलायलोय," तो म्हणाला.

माझ्या पोटात गोळाच आला. आमच्या पिढीत 'गाडी उचलली' याचा अर्थ हप्ते थकले आणि फायनान्सवाल्यांनी नेली, असा होतो. पण हे उचलणं वेगळं होतं. बाजारात त्याला 'लिफ्ट' म्हणतात. पाटे आणि आस यांच्यामध्ये लोखंडी ठोकळे घालायचे, लांब यू-बोल्ट आवळायचे, की गाडीचं अंग तीन इंच वर. त्याच्या जोडीला रुंद अलॉयची चाकं, मडगार्डच्या बाहेर डोकावणारी. दुकानदाराने दिलेल्या अंदाजपत्रकातल्या रकमेत एक दुभती म्हैस सहज आली असती, आणि तिची उंचीही बरी असती.

"अरे, पण कशासाठी?"

"पाण्यातून जायला, मामा."

ज्या लातूरला २०१६ साली मिरजेहून आगगाडीने पिण्याचं पाणी आणावं लागलं, तिथल्या माणसाने पाण्यातून जायला गाडी उंच करावी, हे ऐकून मला हसू आलं. भाचा मात्र हसला नाही. "काय बोलायलात मामा! येत नाही तेव्हा येत नाही, पण येतो तेव्हा घरात येतो की." त्याचंही खोटं नव्हतं. २०२५ च्या पावसाळ्यात लातूर-नांदेडकडच्या लोकांनी आपल्या डोळ्यांनी पूर पाहिले. शिवाय आमची काळी माती! उन्हाळ्यात तिला भेगा पडतात आणि पावसाळ्यात ती पाहुण्याचा जोडा ठेवून घेते. जीप ही गाडीच मुळात दुसऱ्या महायुद्धात असल्या चिखलातून सैनिक न्यायला जन्माला आली. म्हणजे गाडीच्या उंचीमागे गरज असू शकते, एवढं मला मान्य करावं लागलं.

मग आम्ही ओळखीच्या एका म्हाताऱ्या मिस्त्रीकडे गेलो. त्याने अंदाजपत्रक वाचलंच नाही. तो गाडीखाली आडवा झाला आणि मागच्या आसाच्या मधोमध असलेल्या डिफरन्शियलच्या गोळ्यावर पान्याने टकटक केलं. "गाडवाटेच्या मधल्या उंचवट्याला घासतं काय? हा गोळा. ठोकळे घातले की वरचं सगळं वर जाईल. हा गोळा आहे तिथंच राहील."

मी त्या पान्याच्या आवाजाकडे भक्तिभावाने पाहत राहिलो. केवढं मोठं सत्य हा माणूस तेल निथळत सांगत होता! उंची दोन प्रकारची. एकीने दिसणारा भाग वर जातो आणि घासणारा भाग तिथेच राहतो. बढती मिळाल्यावर ओळख विसरणारे साहेब, बंगला बांधल्यावर पूर्वीच्या शेजाऱ्याला 'आपण कोण?' विचारणारे गृहस्थ, यांची लिफ्ट झालेली असते. गोळा जमिनीलाच घासत असतो.

गोळा वर न्यायचा तर टायरच मोठा हवा, आणि तिथेही हिशोब निम्माच. टायरचा व्यास दोन इंच वाढला तर आस एक इंचच वर जातो, कारण दुसरा इंच चाकाच्या वरच्या अंगाला जातो. शिवाय काट्याची गंमत वेगळीच. अठ्ठावीस इंची टायरच्या जागी तीस इंची घातला, तर काटा साठ दाखवतो तेव्हा गाडी चौसष्टने पळत असते. माणूस मोठा झाला की त्याला आपला खरा वेग कळेनासा होतो, ही गोष्ट पुराणात बऱ्याच राजांच्या बाबतीत घडलेली आहे. पण त्यांच्यापैकी कोणाकडे टायरची सबब नव्हती.

इथपर्यंत प्रश्न भाच्याचा आणि त्याच्या खिशाचा होता. माझी गाडी, माझा पैसा, माझी हौस. मामाचं काय जातं? पण गाडीची उंची फक्त मालकाची नसते. मोंढ्यातल्या हमालाचं उदाहरण घ्या. पन्नास किलोचे वीस कट्टे म्हणजे एक टन माल. गाडीचा हौदा तीन इंच वर गेला, की प्रत्येक कट्टा तीन इंच जास्त उचलायचा. वीस त्रिक साठ इंच, म्हणजे पाच फूट. दर खेपेला एक कट्टा पाच फूट जादा चढवल्याइतकी मेहनत, आणि तिची पावती कोणाच्याच नावाने फाटत नाही. महाराष्ट्राने १९६९ साली माथाडी-हमालांसाठी कायदा केला, पण भाच्याच्या हौसेचे तीन इंच त्यातल्या कुठल्या कलमात बसवायचे?

हमाल सोडा, घरात भाच्याची आजी आहे. गुडघे गेलेले. आजवर ती दोघांच्या आधाराने पिकअपमध्ये चढते. तीन इंचांनी तिला तिसरा माणूस लागेल. समोरून रात्री मोटारसायकलवर येणाऱ्या माणसाच्या डोळ्यांत दिव्यांचा झोत जाईल तो वेगळाच. भरलेली गाडी वळणावर कलेल, बाहेर काढलेल्या चाकांचा भार बेअरिंगवर पडेल. उंच व्हावं भाच्याने आणि त्याचे हप्ते फेडावेत आजीने, हमालाने आणि बेअरिंगने! सरकारला हे थोडंफार कळलेलं आहे. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमाने मूळ बनावटीत मन मानेल तसा फेरफार करायला मनाई आहे, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तेच ठासून सांगितलं. भाच्याला मी हे सांगितलं तर तो म्हणाला, "मामा, कायदा काय, सगळेच करायलेत."

मग त्याने खरी गोष्ट सांगितली. "बाप होता तेव्हा पोळ्याला बैलाच्या शिंगांना रंग, अंगावर झूल, गळ्यात घुंगरमाळा. गाव बघायचं. तेव्हा नाही कोणी विचारलं, याचा औताला काय उपयोग म्हणून. आता बैल नाही, ही गाडी आहे. सोयाबीनचा भाव मी ठरवत नाही, पाऊस मी ठरवत नाही. एवढी एक गाडी माझ्या मनासारखी दिसली तर काय बिघडलं?"

यावर मी गप्प झालो. गरजेपुरतं जगावं हा उपदेश ज्यांच्या गरजा भागलेल्या असतात तेच करतात. माणसाला मिरवण्याचा हक्क आहे, आणि तो कष्ट करणाऱ्याला जरा जास्तच आहे. पण बैल सजवताना आपण त्याचे पाय लांब करत नव्हतो. रंग दुसऱ्या आठवड्यात धुऊन जायचा आणि बैलाच्या शिंगांमुळे हमालाची कंबर दुखत नसे. सजवणं आणि वाढवणं यांत हा एवढा फरक आहे. सजावटीचा भार ज्याची त्याच्यावर असतो.

कोंडी मिस्त्रीनेच फोडली. "पोरा, तुझी गाडी बुटकी नाही, बसलेली आहे," तो म्हणाला. वर्षानुवर्षं जादा माल लादून पाटे सपाट झाले होते. एक तर मोडलाच होता. त्याने पाटे उतरवले, मोडका बदलला, बाकीचे भट्टीत घालून पुन्हा कमानीत आणले. टायर कंपनीच्याच मापाचे, पण खोल नक्षीचे घेतले, कारण चिखलात गाडी नुसत्या उंचीवर चालत नाही, पकडीवर चालते. चाकंही लोखंडीच ठेवली. दगडावर आपटून वाकलं तर ठोकून सरळ होतं. अलॉय तडकलं की मिस्त्रीचाही इलाज चालत नाही. त्या चाकांना भाच्याच्या पसंतीचा चंदेरी रंग दिला आणि आरशाला गोंडे बांधले.

गाडी उभी राहिली तेव्हा मिस्त्रीने टेप लावली. अंग मागच्या बाजूला अडीच इंच वर आलं होतं. एवढी उंची तिची स्वतःचीच होती, ओझ्याखाली हरवलेली. हमालाला हौदा थोडा उंच लागेल हे खरं, पण तो गाडी नवी होती तेव्हा होता तेवढाच. आजीसाठी भाच्याने एक लाकडी पायरी करून घेतली.

म्हैस वाचली नाही. ती मुळात नव्हतीच. पण आकडा पाव भागावर आला. भाच्याने गाडीभोवती दोन फेऱ्या मारल्या, लांब जाऊन पाहिली, आणि माझ्या कानाशी येऊन म्हणाला, "मामा, छान झालंय. पण लातुरात कोणी विचारलं, तर लिफ्ट केली म्हणूनच सांगणार बरं का."