ऐकणाऱ्याचे देणे

वेरूळच्या कैलास लेण्याची थोरवी एका जुन्या ताम्रपटात वर्णिली आहे. राष्ट्रकूटांच्या गुजरात शाखेतील कर्कराजाचा, बडोदे येथे सापडलेला हा ताम्रपट इ. स. ८१२ चा. आकाशमार्गाने जाणारे देव हे मंदिर पाहून थक्क झाले आणि ज्याने ते घडविले त्या शिल्पकारालाच ‘हे आपल्या हातून घडले तरी कसे’ असा विस्मय वाटला, असा त्यातील वर्णनाचा आशय आहे. मंदिर करविणाऱ्या पहिल्या कृष्णराजाचे नाव इतिहासाने जपले. त्या विस्मित शिल्पकाराचे नाव मात्र ताम्रपटात नाही. पुढे लोककथेने पैठणच्या कोकसा नावाच्या कारागिराशी या लेण्याची सांगड घातली. दरबाराने जे लिहिले नाही, ते लोकांनी आपल्या परीने भरून काढले.

शिल्पकाराचे नाव गेले, तरी त्याचे काम उरले. वादकाचे काय उरते? रामेश्वर म्हणून ओळखल्या जाणाऱ्या वेरूळच्या एकविसाव्या लेण्यात नृत्यमग्न शिवाच्या सोबतीला वादक कोरलेले आहेत. छत्रपती संभाजीनगरजवळच्या औरंगाबाद लेण्यांत एका नर्तकीभोवती वाद्ये घेतलेल्या स्त्रिया बसल्या आहेत. त्यांची बोटे दगडात टिकली. त्या बोटांतून निघणारा नाद कोणालाच कोरता आला नाही. सुताराने केलेली गाडी घेणाऱ्याच्या अंगणात उभी राहते, कुंभाराचा घडा पाणवठ्यावर दिसतो; गाणाऱ्याचे काम ऐकणाऱ्याच्या कानात पोहोचते आणि तिथेच संपते. हाती काहीच उरत नसल्यामुळे त्या कामाचे मोल काय, हा प्रश्न आपल्या समाजात कायम संदिग्ध राहिला. गाणाऱ्याला आपण जे देतो ते ऋण म्हणून देतो की कृपा म्हणून? संगीतावर पोट असलेल्या माणसांच्या आजच्या अडचणी आणि उद्याच्या आशा या एका प्रश्नाच्या उत्तरावर अवलंबून आहेत, असे मला वाटते.

आपली भाषा याबाबतीत पुष्कळ सांगून जाते. कार्यालयात काम करणाऱ्याला मिळतो तो पगार. हा शब्द आपल्याकडे पोर्तुगीजांबरोबर आला आणि त्याचा मूळ अर्थ ‘चुकते करणे’ असा आहे. शेतात राबणाऱ्याला मिळते ती मजुरी. गायकवादकांसाठी मात्र आपण निराळे शब्द राखून ठेवले आहेत. कीर्तनकाराला वा गवयाला निरोप देताना द्यायची ती बिदागी. तमाशात गाण्यावर खूष होऊन प्रेक्षकाने द्यायची ती दौलतजादा. पहाटे दारी येणाऱ्या वासुदेवाच्या झोळीत पडते ते दान. सभासमारंभात पाकिटात घालून दिले जाते ते मानधन. शब्द सुंदर आहेत. पण त्यांतील बहुतेकांचा रोख देणाऱ्याच्या औदार्याकडे आहे, घेणाऱ्याच्या हक्काकडे नाही. कार्यक्रम ठरविताना ‘सुपारी’ दिली जाते, तेवढाच काय तो कराराचा शब्द. आणि नेमका त्यालाच आपण दुसरीकडे बदनाम करून ठेवले आहे!

गावगाड्यात गुरव सनई-संबळ वाजवी, मांग डफ वाजवी, आणि सुगीला खळ्यावर त्यांचा वाटा ठरलेला असे. त्या व्यवस्थेचे गोडवे गाण्याचे कारण नाही. वाद्य जन्माबरोबर गळ्यात पडत होते आणि जातीचा जाच त्या वाट्यापेक्षा कितीतरी जड होता. ती व्यवस्था मोडली हे योग्यच झाले. पण मोडताना एक गोष्ट निसटली. खळ्यावरचे ते धान्य, अपमानाच्या वेष्टनात का होईना, ‘देणे’ मानले जात होते. बेड्या तुटल्या, त्यांच्याबरोबर देण्याची ती जाणीवही गेली. हक्काच्या जागी हक्क यायला हवा होता, तिथे लहर आली.

लहरीवरचा आश्रय किती ठिसूळ असतो, याची साक्ष वेरूळपासून अवघ्या काही किलोमीटरांवर, खुलताबादेत आहे. तिथे १७०७ साली निधन पावलेल्या औरंगजेबाची साधी कबर आहे. सुमारे १६६८ मध्ये त्याने दरबारी संगीताचा आस्वाद घेणे सोडले. तेव्हा गवयांनी संगीताची प्रेतयात्रा काढली आणि आवाज पुन्हा वर येणार नाही इतके खोल पुरा, असे बादशहाने सांगितले, ही हकिकत मनुची या व्हेनिसच्या प्रवाशाने लिहून ठेवली आहे. ती शब्दशः खरी मानण्यास आजचे अभ्यासक तयार नाहीत. त्या राजवटीत अमीर-उमरावांच्या घरी गाणे चालूच राहिले आणि संगीतावर फार्सी ग्रंथही लिहिले गेले. पण एवढे खरे की, एका माणसाची रुची पालटली आणि कित्येक घरांना दुसरे दार शोधावे लागले. कृपेचा स्वभावच हा! ती करणारा उद्या न करण्यास मोकळा असतो. ऋण मात्र रुची बदलली म्हणून फिटत नाही.

यावर एक आक्षेप येईल, आणि तो हलका नाही. संगीत ही साधना आहे, भक्ती आहे. तिची किंमत ठरवणे म्हणजे तिचा अपमान करणे नव्हे काय? याच खुलताबादेत १३३७ साली निधन पावलेल्या बुऱ्हानुद्दीन गरीब या सूफी संताचा दर्गा आहे. समा, म्हणजे ईश्वरस्मरणाचे संगीत, त्यांना इतके प्रिय होते की त्यांच्या अनुयायांच्या नृत्यपद्धतीला त्यांच्याच नावावरून ‘बुऱ्हानी’ म्हणू लागले. पैठणच्या एकनाथांनी वासुदेव, जोशी, गोंधळी अशा दारोदार फिरणाऱ्यांच्या वाणीने भारुडे रचली आणि त्यांच्या गाण्याला परमार्थाचा अर्थ दिला. आपल्या चर्चमधील गायनवृंदही रविवारी गातो तो पैशासाठी नव्हे. हे सारे खरे आहे. परंतु या आक्षेपात एक सूक्ष्म चूक दडली आहे. साधना ज्याची, त्याग त्याचा. गाणाऱ्याने आपले गाणे देवाच्या चरणी विनामूल्य ठेवावे, हे त्याचे दान. पण त्याने ते विनामूल्य ठेवले पाहिजे असे ऐकणाऱ्याने म्हणणे, हे दुसऱ्याच्या ताटातील घास उचलून नैवेद्य दाखविण्यासारखे आहे. दुसऱ्याच्या वतीने त्याग करता येत नाही. जो संयोजक मंडपवाल्याचे, आचाऱ्याचे आणि वीजवाल्याचे बिल बिनबोभाट चुकते करतो आणि तबलजीला मात्र ‘ही सेवा समजा’ असे सांगतो, त्याला भक्ती कळली असे म्हणवत नाही.

दुसरा आक्षेप व्यवहाराचा आहे. ‘ठरले तेवढे दिले, त्याने खुशीने घेतले, मग अन्याय कुठला?’ या युक्तिवादाला पोप तेरावे लिओ यांनी १८९१ च्या ‘रेरूम नोव्हारूम’ या परिपत्रकात उत्तर देऊन ठेवले आहे. त्यांचे म्हणणे असे की, दोघांच्या संमतीने मजुरी ठरली एवढ्यावरून ती न्याय्य ठरत नाही. गरजेपोटी वा भीतीपोटी माणूस जेव्हा कमी स्वीकारतो, तेव्हा तो अन्यायाचाच बळी असतो. हे त्यांनी कारखान्यातील कामगारांविषयी लिहिले. संगीतकारांच्या बाबतीत त्याची प्रचीती दूर आफ्रिकेत आली. दक्षिण आफ्रिकेतील सॉलोमन लिंडा या झुलू गायकाने १९३९ साली जोहान्सबर्गमध्ये ‘म्बूबे’ हे गीत ध्वनिमुद्रित केले आणि त्याचे हक्क सुमारे दहा शिलिंगांना विकले. पुढे ती चाल इंग्रजी शब्द लेवून जगभर फिरली, अमेरिकेतल्या मोठ्या चित्रपटात वाजली. लिंडा १९६२ मध्ये दारिद्र्यात वारला. त्याच्या मुलींना न्याय्य वाटा मिळावा म्हणून झालेला दावा २००६ मध्ये तडजोडीने मिटला. करार तर झाला होता, संमतीही होती. आपण काय विकतो आहोत हे मात्र त्याला ठाऊक नव्हते.

आपल्या घरची गोष्ट याहून फार वेगळी नाही. गोव्याच्या चर्चशाळांत मेस्त्रांच्या हाताखाली स्वरलिपी शिकलेले ख्रिस्ती वादक मुंबईला आले आणि हिंदी चित्रपटसंगीताच्या वाद्यमेळाचा कणा बनले. सेबॅस्टियन डिसोझा, चिक चॉकलेट, फ्रँक फर्नांड, अँथनी गोन्साल्विस यांनी वाद्यवृंदाची बांधणी केली, स्वरावली लिहून काढल्या. गाणे गाजले की नाव गायकाचे आणि संगीत-दिग्दर्शकाचे होई. गोन्साल्विस यांनी १९५८ साली सेंट झेवियर्स महाविद्यालयाच्या प्रांगणात भारतीय रागांवर आधारित वाद्यवृंदाचा प्रयोग केला. लता मंगेशकर आणि मन्ना डे त्यात गायले. पण सर्वसामान्य रसिकाला त्यांचे नाव कळले ते १९७७ मध्ये, ‘अमर अकबर अँथनी’तील एका विनोदी गाण्यातून, तेही त्यांचे शिष्य प्यारेलाल यांनी गुरूची आठवण ठेवली म्हणून. या वादकांना रोजचे पैसे मिळत, कित्येकांना बरे मिळत. उणीव होती ती नावाची, आणि गाणे पुढे दशकानुदशके जे कमावत राहिले त्यातील वाट्याची.

कायदा या बाबतीत हळूहळू जागा झाला. १९७७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने चित्रपटासाठी मोबदला घेऊन रचलेल्या संगीताचा मालक निर्माता ठरू शकतो असा निर्णय दिला. त्याच निकालाला जोडलेल्या टिपणात न्या. कृष्ण अय्यर यांनी गाणाऱ्याच्या गळ्याला आपल्या कायद्यात स्थानच नाही याबद्दल खंत व्यक्त केली. १९९४ च्या दुरुस्तीने सादर करणाऱ्या कलावंताचे हक्क प्रथम मान्य केले. २०१२ च्या दुरुस्तीने गीतकार, संगीतकार आणि गायक यांच्या स्वामित्वधनाला संरक्षण दिले आणि गीतकार-संगीतकारांना ते करारानेही सोडून देता येणार नाही अशी तरतूद केली. लिओ तेरावे यांनी मांडलेले तत्त्व सव्वाशे वर्षांनी या रूपाने आपल्या कायद्यात उतरले, असे म्हणता येईल.

तरीही कायद्याची पोच मर्यादित आहे. मराठवाड्यातल्या गोंधळ्याची चाल चित्रपटात गेली की तिच्यापुढे ‘पारंपरिक’ एवढा एकच शब्द छापला जातो. पारंपरिक म्हणजे कोणाचेच नव्हे, असा त्याचा अर्थ लावला जातो. वास्तविक त्याचा अर्थ ‘पुष्कळांचे’ असा आहे, आणि ती पुष्कळ माणसे आजही संबळ खांद्याला लावून हिंडत आहेत. लग्नाच्या वरातीत गाणे वाजवले तर कायदा परवाना मागत नाही, हेही ठीकच. पण जिथे कायदा थांबतो तिथे कर्तव्य थांबत नाही, किंबहुना नीतीचा खरा प्रांत तिथूनच सुरू होतो.

तमाशासम्राज्ञी विठाबाई भाऊ मांग नारायणगावकर यांना राष्ट्रपतींच्या हस्ते सन्मान मिळाला होता. २००२ साली त्या गेल्या, तेव्हा औषधोपचाराचा खर्च भागविण्यास देणगीदारांची मदत लागली. पुढे शासनाने त्यांच्या नावे पुरस्कार सुरू केला. आज वृद्ध साहित्यिक-कलावंतांना राज्य शासनाचे मासिक मानधन मिळते. २०२४ मध्ये ते सरसकट पाच हजार रुपये करण्यात आले. हे स्वागतार्हच आहे. पण वाजवता येत असताना योग्य मोबदला न देणे आणि हात थकल्यावर मदत देणे, यांतील दुसऱ्याने पहिल्याची भरपाई होत नाही. २०२० आणि २०२१ मध्ये साथीमुळे जत्रा बंद राहिल्या, उरूस बंद राहिले, लग्ने मोजक्या माणसांत उरकली, तेव्हा तमाशाचे फड, बँडपथके, सनईवाले आणि कव्वाल यांच्या गाठीला फारसे काही नाही, हे उघड झाले. आपण त्यांना धान्याच्या पिशव्या दिल्या. इतकी वर्षे वाजवूनही त्यांच्याजवळ काही साठले का नाही, असा प्रश्न मात्र थोड्यांनीच विचारला.

आशेला जागा नाही असे नव्हे. पूर्वी ध्वनिमुद्रिका काढायची तर कंपनीची पायरी चढावी लागे. आज खेड्यातला शाहीर आपल्या हातातील दूरध्वनीवर गाणे मुद्रित करून परदेशातील मराठी माणसापर्यंत पोहोचवू शकतो. कैलास लेण्याच्या पुढ्यात सुरू झालेला आणि पुढे शहरातील सोनेरी महालाच्या परिसरात गेलेला वेरूळ महोत्सव नामवंतांचे गाणे या भागात आणतो. त्याच मंचावर याच मातीतील कलावंताला, त्याच्या नावासह आणि रीतसर मोबदल्यासह, अधिक जागा देणे अवघड नाही. पण यंत्राने आणि महोत्सवाने दार उघडले, तरी आत बसलेल्या श्रोत्याची वृत्ती त्यांच्याने बदलत नाही. फुकट ऐकण्याची सोय झाली की ऐकणे फुकटच असते, असा समज दृढ होतो.

म्हणून बदलाचा आरंभ श्रोत्यापासून व्हावयास हवा; आणि आपण सारेच श्रोते आहोत. गावच्या सणाला, लग्नाला, बाप्तिस्म्याच्या मेजवानीला वादक बोलावताना रक्कम आधी ठरवावी, लिहून द्यावी आणि वाजवून झाल्यावर त्याला ताटकळत न ठेवता द्यावी. पत्रिकेवर आचार्य-पाहुण्यांच्या नावांबरोबर सनईवाल्याचेही नाव छापावे. चर्चमध्ये जो स्वेच्छेने गातो त्याची सेवा सेवा म्हणून स्वीकारावी. पण ज्याचे घर वाद्यावर चालते त्याच्याकडे त्याच सेवेचा आग्रह धरू नये. एखादी चाल आवडली तर ती कोणाची, हे विचारावे. या गोष्टी क्षुल्लक वाटतील. परंतु कृपेचे ऋणात रूपांतर होते ते अशाच लहान व्यवहारांतून.

गाण्याने मनाला जे मिळते त्याची पूर्ण परतफेड होत नाही, हे मान्य. दुःखात ज्या स्वरांनी सावरले, त्यांचा हिशेब कोणत्या वहीत मांडणार? पण जे ऋण पुरते फिटत नाही, त्याचा फेडता येण्याजोगा भागही न फेडणे, याला कृतज्ञता म्हणत नाहीत. गाणाऱ्याचे नाव आणि त्याचा मोबदला, एवढा भाग तर आपल्या हातात आहे.