जांभ्याचा तांबडा

कोकणातील घरे, विहिरी आणि गडगे ज्या जांभ्याच्या चिऱ्यांनी बांधले जातात, त्या दगडाचा तांबडा रंग रत्नागिरीत मे महिन्यात एक दिसतो आणि जुलैमध्ये दुसरा. रंगाचा विचार रंगचक्रापेक्षा या फरकापासून सुरू करणे अधिक फलदायी आहे.

जांभ्याचा रंग, गेरूप्रमाणेच, लोहाच्या ऑक्साइडांचा. कोरड्या, सच्छिद्र चिऱ्यावर पडलेल्या उन्हाचा काही भाग पृष्ठभागावरूनच पांढरा विखुरतो आणि दगडाच्या तांबडेपणात मिसळून त्याला धुरकट करतो. छिद्रांत पाणी भरले की हे विखुरणे घटते. अमेरिकी चित्रकार आल्बर्ट मन्सेल यांनी 1905 मध्ये रंगाची तीन अंगे मांडली: तांबडा की पिवळा हे सांगणारी छटा, उजळ की गडद हे सांगणारे मान आणि रंगाचा निर्भेळपणा दाखवणारी तीव्रता. भिजल्या चिऱ्याची छटा फारशी बदलत नाही. मान उतरते, तीव्रता चढते.

परंतु पावसाळ्यातील जांभ्याच्या उठावाचे हे अर्धेच कारण झाले. उरलेले कारण त्याच्या शेजारी, म्हणजे गडग्यावरच्या शेवाळात आणि सड्यावरच्या गवतात आहे. फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ शेव्हरल यांच्याकडे गोब्लँच्या विणकाम कारखान्यातील काळा रंग फिका दिसतो अशी तक्रार आली, तेव्हा दोष रंगद्रव्यात नसून शेजारच्या धाग्यांच्या रंगांत असल्याचे त्यांना आढळले, आणि 1839 मध्ये त्यांनी याचा नियम ग्रंथरूपाने मांडला: रंगचक्रात समोरासमोर येणारे विरोधी रंग शेजारी ठेवले असता एकमेकांना प्रखर करतात. तेच दोन रंग पॅलेटवर कालवले, तर मात्र मळकट करडा हाती येतो. जांभा नारिंगीकडे झुकतो, म्हणून त्याचा काटेकोर विरोधी रंग निळसर असतो. भाताच्या रोपांचा पोपटी त्याला पूर्ण विरोध करत नाही, आणि कदाचित म्हणूनच हे दृश्य कितीही तेजस्वी झाले तरी डोळ्यांना खुपत नाही.

शेडकार्डावरच्या बोटभर चौकोनावरून घराचा रंग ठरवताना नेमका हा शेजार विसरला जातो, आणि पोफळीच्या बागेत भलताच भडक तांबडा उभा राहतो. देवरुख आणि सावर्डे येथील कलाविद्यार्थ्यांना, तसेच चित्रकलेच्या परीक्षांसाठी रंगचक्र रंगवणाऱ्या शाळकरी मुलांना, शिक्षकांनी जुलैत एकदा तरी सड्यावर नेऊन तेथेच रंग कालवायला लावावेत.