दूध तुटलेले मूल



स्वर्गराज्यात थोर कोण, असे शिष्यांनी विचारले तेव्हा प्रभू येशूने एका लहान मुलाला बोलावून त्यांच्यामध्ये उभे केले (मत्तय 18). हे शुभवर्तमान ऐकताना आपल्या डोळ्यांसमोर गोड, निरागस बाळ येते. पण घरात लहान मूल असलेल्या आईला विचारा! ते हट्टी असते, रडके असते, हवे ते मिळाले नाही तर जमिनीवर लोळण घेते. मग प्रभूने त्याच्यात पाहिले तरी काय? लागले-खुपले की ते आईकडेच धावते, मग धपाटाही तिनेच दिलेला का असेना.

बाळ येशूच्या संत तेरेजाला हे उमगले होते. तिचा जन्म 1873 साली फ्रान्समध्ये झाला. चार वर्षांची असताना आई वारली. पंधराव्या वर्षी ती लिझ्यू येथील कार्मेल मठात गेली, आणि 1889 साली तिच्या लाडक्या वडिलांना मनोरुग्णालयात ठेवावे लागले. पवित्रतेचा जिना तिला फार उंच वाटे. त्या काळी श्रीमंतांच्या घरी लिफ्ट आल्या होत्या. येशूचे हात हीच आपली लिफ्ट, असे तिने मानले. प्रार्थनेत तिला डुलकी लागे, तरी ती खट्टू होत नसे. झोपलेले मूलही आईबापांना तितकेच प्रिय असते, असे ती म्हणे. (प्रवचनात डुलक्या घेणाऱ्यांनी याचा भलता अर्थ काढू नये!)

पण 1896 च्या ईस्टरच्या सुमारास तिच्या मनात काळोख दाटला. स्वर्ग आहे की नाही, हीच शंका छळू लागली. क्षयाने शरीर पोखरले होते. 30 सप्टेंबर 1897 रोजी, वयाच्या 24 व्या वर्षी ती गेली, तोवर तो काळोख पुरता हटला नाही. तरीही तिने प्रभूचा हात सोडला नाही.

स्तोत्र 131 मध्ये असेच मूल भेटते. ते अंगावर पिणारे नाही, दूध तुटलेले आहे. आता त्याला आईकडून दूध नको आहे; तरी ते तिच्याजवळ शांत बसले आहे.

आपले काय होते? आपण नऊ दिवसांची नोव्हेना करतो, मेणबत्त्या लावतो. मुलाला नोकरी लागली की देव चांगला. आजार बरा झाला नाही की आपण आतून देवाशी अबोला धरतो. आपल्या धर्मग्रामात अशीही घरे असतील, जिथे प्रार्थना करूनही माणूस वाचला नाही. त्यांना "देवाची इच्छा" म्हणून गप्प करायला आपण फार उतावीळ असतो. तेरेजाने आपला काळोख लपवला नाही. मठश्रेष्ठींसाठी तो लिहून ठेवला.

1 ऑक्टोबरला तिचा सण असतो. रुसून मिस्सा सोडलेला कोणी शेजारी आपल्याला ठाऊक असेल, तर त्याला त्या दिवशी सोबत आणू या. त्याने काही मागायला नको, गायलाही नको. मागच्या बाकावर नुसते बसले तरी चालेल. आपण त्याच्या शेजारी बसू.