न झालेल्या यंत्राची गती

सन १९९१मध्ये, अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया राज्यात, वेस्ट चेस्टर येथील कमोडोर कंपनीच्या कचेरीत, फ्रेड बोवेन आणि बिल गार्डेई प्रभृती अभियंत्यांनी मोठ्या कष्टाने घडवीत आणलेला एक घरगुती संगणक, त्याचे नमुने प्रत्यक्ष चालू होत असतानाच, कंपनीचे सर्वेसर्वा आयर्व्हिंग गूल्ड यांच्या हुकमाने रद्द झाला. 'कमोडोर ६५' हे त्याचे नाव. १९८२ साली बाजारात आलेल्या आणि सव्वा कोटीच्या वर खपलेल्या 'कमोडोर ६४'चा तो नियोजित उत्तराधिकारी होता. थोरल्यापेक्षा त्याची स्मृती दुप्पट, म्हणजे १२८ किलोबाइट, वेग सुमारे साडेतीन पट, साडेतीन इंची फ्लॉपीची सोय अंगातच, आणि ४०९६ रंगांच्या भांडारातून २५६ रंग एका वेळी पडद्यावर मांडण्याचे सामर्थ्य, असा त्याचा थाट होता. परंतु त्याच कंपनीचा अधिक समर्थ असा अमिगा १९८५पासून विकला जात होता आणि आठ बिटांच्या यंत्रांचे युग मावळले होते. त्यामुळे व्यापाराच्या खतावणीत हा निर्णय चुकीचा ठरतो असे मला वाटत नाही. पुढे एप्रिल १९९४मध्ये कंपनीचेच दिवाळे वाजले, मालमत्तेची विल्हेवाट लागली, आणि त्या गडबडीत अडगळीतले हे नमुने हौशी लोकांच्या हाती पडले. आज त्यांतला एखादा लिलावात आला, तर त्यासाठी हजारो युरो मोजणारे निघतात. त्यांपैकी एखादा चालू केला की पडद्यावर तो स्वतःची ओळख 'विकसनासाठीची प्रणाली' अशी करून देतो, आणि त्यातल्या बेसिक भाषेच्या आवृत्तीचा आकडा ०.९वर थांबलेला दिसतो. आपण अपुरे आहोत हे इतक्या प्रांजळपणे सांगणारी वस्तू मनुष्याने क्वचितच घडविली असेल.

आता, हा संगणक होता की नव्हता? प्रश्न पोरकट वाटेल. पण आपल्याकडील नैयायिकांनी ज्या गोष्टींवर आयुष्ये वेचली त्यांत 'नसणे' ही एक गोष्ट होती, हे ध्यानी घेतले तर तो तितकासा पोरकट राहत नाही. त्यांनी अभावाचे चार प्रकार मानले, आणि त्यांतला पहिला प्रागभाव. घट घडण्यापूर्वी त्याचा जो अभाव असतो तो अनादी असूनही घट उत्पन्न होताक्षणी संपतो, म्हणून तो प्रागभाव. या व्याख्येत एक कठोर अट दडलेली आहे: उत्पत्तीने जो संपतो तोच प्रागभाव, आणि जे कधी उत्पन्नच झाले नाही त्याला प्रागभावही नाही. म्हणजे जे लाखो कमोडोर ६५ लाखो घरांत जायचे होते आणि गेले नाहीत, त्यांच्याविषयी 'ते अजून झाले नव्हते' असे म्हणण्याचीसुद्धा शास्त्राप्रमाणे सोय उरत नाही. उरलेल्या नमुन्यांची अवस्था याहून चमत्कारिक आहे. ज्याची व्यक्ती एकच असते त्याला जाती, म्हणजे अनेकांत समान असणारा धर्म, नसते, म्हणूनच आकाशत्व ही जाती नव्हे, असा नैयायिक उदयनाचार्यांचा दंडक आहे. कमोडोर ६५चे नमुने एकाहून अधिक खरे, परंतु त्यांत पाट्यांच्या आवृत्त्या निरनिराळ्या, स्थायी स्मृतीतला मजकूर निरनिराळा, आणि काहींत तर आवश्यक चिपाच बसविलेल्या नाहीत. अशा सगळ्यांत समान राहणारे 'कमोडोर-६५-त्व' शोधण्याचे काम एखाद्या नव्यन्यायाच्या पंडिताकडे सोपवावे, आणि आपण पुढे जावे, हे बरे.

कारण ज्याला धर्मजिज्ञासा म्हणता येईल असा खरा प्रश्न अस्तित्वाचा नसून गतीचा आहे. अपुऱ्या राहिलेल्या कृतीला काही गती आहे काय? गीतेच्या सहाव्या अध्यायात अर्जुन जवळजवळ हेच विचारतो: श्रद्धेने मार्गाला लागलेला पण सिद्धीपूर्वीच ढळलेला जो साधक, तो इहलोक आणि परलोक दोन्ही गमावून नष्ट तर होत नाही ना? श्रीकृष्णाने दिलेले आश्वासन प्रसिद्ध आहे. कल्याणकारी कर्म करणाऱ्याला दुर्गती नाही. तो योगभ्रष्ट पुढील जन्मी शुचिर्भूत श्रीमंतांच्या घरी किंवा योग्यांच्या कुळात येतो आणि सुटलेला धागा तेथून पुढे चालवितो. हे आश्वासन आपण इतक्या वेळा ऐकलेले असते, आणि ते इतके गोड आहे, की त्याची हद्द कोठे संपते हे पाहण्याचे आपल्याला सुचत नाही. ते कर्त्याला दिलेले आहे. कृतीविषयी त्या प्रकरणात चकार शब्द नाही. अर्धवट ग्रंथ, अर्धवट देऊळ किंवा रद्द झालेले यंत्र यांना पुढील जन्मी श्रीमंताच्या घरी जागा मिळते असे कोणी म्हटलेले नाही. तरीही कारखाना बुडालेला माणूस, संपादन अपुरे टाकून वारलेल्या पंडिताचा शिष्य, किंवा निधीअभावी बंद पडलेल्या प्रयोगशाळेचा संचालक, सारेच 'केलेले वाया जात नाही' असे स्वतःला समजावीत असतात, आणि त्या वेळी ते कर्त्याच्या नावे लिहिलेली सनद कृतीच्या नावावर वटवू पाहत असतात.

या भेदाचा निवाडा करावयास सोलापूरइतके योग्य गाव दुसरे नाही, कारण ज्याच्या नावाने हे गाव ओळखले जाते त्या सिद्धरामेश्वरांच्या आयुष्यातील मुख्य वाद हाच होता. सोन्नलगी म्हणजे आजचे सोलापूर. तेथे बाराव्या शतकात सिद्धरामांनी लोकांना हाताशी धरून तळे खोदविले, देऊळ बांधविले, गावाभोवती अडुसष्ट लिंगांची स्थापना केली. 'शून्यसंपादने' या कन्नड ग्रंथातील कथा अशी की संत अल्लमप्रभू तेथे आले, आणि दगडमातीच्या या कामात गुंतलेल्या योग्याला त्यांनी खडसावले: बाहेर खोदीत राहिल्याने आतले खोदावयाचे राहून गेले आहे, त्याचे काय? सिद्धराम निरुत्तर झाले आणि त्यांच्यासह कर्नाटकातील कल्याणला, बसवण्णांच्या अनुभवमंटपात, म्हणजे शिवभक्तांच्या सभेत, गेले. कथेचा कौल अल्लमांच्या बाजूने आहे, आणि कर्त्यापुरता तो निर्विवाद आहे; तळे पुरे झाले की नाही यावर सिद्धरामांची मुक्ती अवलंबून नव्हती. परंतु ज्याला पाणी हवे होते त्याच्यापुरता कौल उलटा फिरतो. कंबरभर खोदून टाकून दिलेल्या खड्ड्याने कोणाची तहान भागलेली नाही, आणि खोदणाऱ्याचे चित्त किती शुद्ध होते याची चौकशी तहानलेला करीत बसत नाही. सोलापूरकरांनी अल्लमांपुढे मस्तक लवविले, पण आठ शतके उलटल्यावरही वस्ती मात्र तळ्याभोवतीच ठेवली, यात मला शहाणपण दिसते.

तोच न्याय कमोडोर ६५ला लावावा. बोवेन आणि गार्डेई जे शिकले ते त्यांचे. ते कोणी रद्द करू शकत नव्हते. ज्या मुलाने त्या यंत्रावर पहिली आज्ञावली लिहिली असती, त्याच्या पदरात मात्र काहीच पडले नाही. अमेरिकेत शिळे झालेले यंत्र भारतात शिळे नव्हते. १९८४-८५मध्ये केंद्र सरकारच्या 'क्लास' योजनेखाली २५० शाळांत जे संगणक पोहोचले ते बीबीसी मायक्रो नावाचे आठ बिटांचेच होते, आणि १९८६पासून डेसिबेल्स कंपनी परवाना घेऊन आठ बिटांचाच स्पेक्ट्रम हा संगणक येथे विकीत होती. अर्थात कमोडोर ६५ निघाला असता, तरी जकातीची भिंत ओलांडून तो सोलापुरातील एखाद्या घरी येऊन थडकला असता, असे मानण्याइतका मी भाबडा नाही.

तर मग कृतीची गती कोणाच्या हाती? माझे उत्तर असे की कृतीला आत्मा नसतो. तिला असले तर वारस असतात. ज्या १९९१मध्ये कमोडोर ६५ रद्द झाला, त्याच वर्षी लंडनच्या विज्ञान संग्रहालयाने चार्ल्स बॅबेज याच्या दुसऱ्या 'डिफरन्स एंजिना'चा गणन करणारा भाग पुरा केला. त्याची रेखाटने १८४७ ते १८४९ या काळातली, आणि यंत्र प्रत्यक्ष फिरले ते बॅबेजच्या द्विशताब्दीला. कमोडोर ६५लाही पुढे वारस भेटले: ऑस्ट्रेलियातील पॉल गार्डनर-स्टीफन आणि जर्मनीतील इलेक्ट्रॉनिक खेळ व कलेचे संग्रहालय चालविणारी एक संस्था यांनी मिळून 'मेगा ६५' सिद्ध केला आणि २०२२मध्ये तो ग्राहकांच्या घरी पोहोचू लागला. हा तोच संगणक काय? चिपा त्या नाहीत. अंतर्गत जोडणी मागाहून ठरविता येते अशा एका आधुनिक चिपेत जुन्याची रचना उतरविलेली आहे, आणि वेग तर जुन्याच्या कित्येक पट. पुनर्जन्म घेणारा पूर्वीचाच की दुसरा, असे मिलिंद राजाने विचारले तेव्हा बौद्ध भिक्षू नागसेनाने दोन्ही पर्याय नाकारले होते; येथेही तेच करणे प्रामाणिकपणाचे होईल. मात्र एक फरक विसरता कामा नये. बौद्धांचा पुनर्भव आपल्या कर्माच्या बळाने घडतो, आणि या यंत्राचा पुनर्भव ज्यांनी त्याला कधी जन्म दिला नव्हता अशा परक्यांच्या रात्रींच्या जागरणाने घडला.

सोलापूरला हेही नवे नाही. सिद्धरामेश्वरांशी विवाहाची इच्छा धरणाऱ्या कुंभारकन्येला त्यांनी आपल्या योगदंडाशी विवाह करण्याची अनुमती दिली, अशी आख्यायिका आहे. जो विवाह देहाने झालाच नाही त्याच्या अक्षता दर जानेवारीत, गड्ड्याच्या यात्रेत, नंदीध्वजांच्या साक्षीने अवघे गाव टाकते. यतिवृषभाचार्यांचा 'तिलोयपण्णत्ती' हा प्राकृत ग्रंथ शतकानुशतके हस्तलिखितांत पडून राहिला, आणि जीवराज गौतमचंद दोशी या सोलापूरच्या गृहस्थांनी आपली संपत्ती ज्या कार्याला वाहिली त्या जीवराज जैन ग्रंथमालेत त्याचा पहिला भाग १९४३ साली आदिनाथ उपाध्ये आणि हिरालाल जैन यांच्या संपादनाने छापून निघाला. ग्रंथाच्या अंगच्या पुण्याने तो छापला गेला असे म्हणणे श्रद्धाळूला शोभेल. मला त्यात जीवराजांचा पैसा आणि संपादकांचे डोळे दिसतात.

म्हणून सोलापूरच्या विणकर घराण्यांना एक विनंती करावीशी वाटते. चादरीवरची नक्षी ज्याने निघते तो जॅकार्डचा साज, त्यावर चढविलेली भोके पाडलेल्या पुठ्ठ्यांची माळ, ही १८०४ सालच्या फ्रेंच युक्तीची संतती होय, आणि बॅबेजने आपल्या न बांधल्या गेलेल्या निराळ्या, अधिक व्यापक यंत्रासाठी आज्ञा देण्याची रीत तिच्यावरूनच घेतली होती. पूर्व भागातल्या माळ्यांवर, अक्कलकोट रस्त्यावरच्या कारखान्यांच्या कोपऱ्यांत, काढलेली पण बाजाराने न उचललेली अशी एखादी नक्षी अजून पुठ्ठ्यांच्या रूपाने पडून असेल, तर ती भंगारात घालण्यापूर्वी तिचे छायाचित्र घ्यावे, ती कोणी काढली, कोणत्या मागासाठी आणि कोणत्या साली, हे त्याच पुठ्ठ्याच्या पाठीवर लिहावे, आणि वस्त्रविद्या शिकणाऱ्या एखाद्या मुलाला ती दाखवावी.