विचारण्याआधी थोडं थांबूया




चवथीच्या सुट्टीत आपल्या पेडणे गटातल्या मुलांनी एका आज्जीची मुलाखत मोबाईलवर घेतली. १५ ऑगस्ट १९५५ला पत्रादेवीला पोर्तुगीजांनी निःशस्त्र सत्याग्रहींवर गोळ्या झाडल्या, तेव्हा आज्जी सात वर्षांची होती. सांगता सांगता ती गप्प झाली, हात थरथरायला लागले. "पुरो रे पुता," म्हणाली. तरी मुलांनी विचारलं, "मग पुढे काय झालं?" आम्ही मोठी माणसं तिथेच बसलो होतो. आम्हीही थांबवलं नाही.

इतक्या वर्षांनीही जखम उघडते, तर आज गाझा, युक्रेन, सुदानमधल्या लेकरांपुढे प्रश्नावली घेऊन बसणं योग्य आहे का?

विचारूच नये, असंही नाही. दुसऱ्या महायुद्धात लंडनमध्ये ॲना फ्रॉइड आणि डोरोथी बर्लिंगहॅम यांनी मुलांसाठी पाळणाघरं चालवली. सांभाळता सांभाळता टिपणं ठेवली. बॉम्बपेक्षा आईपासूनची ताटातूट मुलांना जास्त मोडते, हे त्यातून कळलं. पण त्यांनी आधी मुलांना मांडीवर घेतलं, मग वही उघडली.

आपल्याकडे आयसीएमआरच्या २०१७च्या नियमांत आई-वडिलांच्या परवानगीबरोबर सात वर्षांवरच्या मुलाचाही होकार घ्यायला सांगितलं आहे. पण छावणीतली आई 'नाही' कशी म्हणेल? रेशन थांबेल ही भीती तिला असणारच. ज्याला नाही म्हणता येत नाही, त्याच्या 'हो'ला काय अर्थ? म्हणून ताट आधी वाढावं, आणि उत्तर दिलं नाही तरी ते कोणी काढून घेणार नाही, हे तिला दिसावं.

कोल्हापूरजवळ वळिवड्याला १९४३ ते १९४८ पोलंडचे सुमारे पाच हजार निर्वासित राहिले, बहुतेक बायका-मुलं. त्यांना आसरा मिळाला, शाळा मिळाल्या. त्यातली मुलं पुढे म्हातारपणी एकत्र आली आणि आपली हकिकत त्यांनी स्वतःच पुस्तकात मांडली. आपल्या वेळी, आपल्या तोंडाने.

सद्गुरू नेहमी सांगतात, सेवेत समोरच्याचा मान आधी. आपण वह्या वाटतो आणि मुलांचे फोटो लगेच ग्रुपवर टाकतो. त्या मुलांना कधी विचारलं का? डिचोली आणि पेडणे, दोन्ही गटांनी यंदा ठरवूया: मुलाला विचारल्याशिवाय फोटो नाही, आणि 'नको' म्हणाला तरी वही मिळणारच.

येत्या रविवारी आम्ही आज्जीकडे जाणार आहोत, मोबाईल पिशवीत ठेवून. ते रेकॉर्डिंग ठेवायचं की पुसायचं, हे तीच सांगेल.

॥ श्रीगुरुचरणार्पणमस्तु ॥