कळशीवरचे नाव

गणपती जवळ आले की आमच्याकडे देवाची तांब्याची उपकरणी बाहेर निघतात. ताम्हन, पळी, पंचपात्री आणि माझ्या आजीची कळशी. सिंगापूरच्या दमट हवेत घासलेले तांबे चार दिवसांत काळवंडते. गेल्या वर्षी मुलीने विचारले, "बाबा, कळशी कशाने घासू?" प्रश्न साधा, पण मी अडखळलो.

कळशीच्या गळ्याशी आजीचे नाव ठिपक्याठिपक्यांनी कोरलेले आहे. लग्नातल्या भांड्यांवर नाव घालण्याची आपली जुनी पद्धत. लहानपणी ती अक्षरे बोटाला लागत. आता उजेडात तिरपी धरली तरच दिसतात. ती आम्हीच झिजवली, दर सणाला, मोठ्या भक्तीने.

तांब्याच्या भांड्यावरचा काळा थर हा नुसता बाहेरचा मळ नव्हे. हवेतील ऑक्सिजनशी संयोग पावलेले ते तांबेच असते. चिंचेतील आम्ल आणि मीठ तो थर विरघळवतात, खालच्या धातूला फारसे दुखावत नाहीत. राख किंवा तारेची घासणी मात्र धातूही खरवडते. बाजारातले पॉलिश झटपट चमक देते, पण त्यातही बहुधा बारीक खरखरीत पूड असते. शिवाय पिण्याच्या पाण्याच्या भांड्याला ते नकोच.

आम्हा डॉक्टरांना पहिला धडा मिळतो तो 'आधी अपाय करू नका' हा. रोगावर उपचार करायचा. सुरकुती हा रोग नव्हे. कळशीच्या आतला हिरवा कळक विषारी, तो काढलाच पाहिजे. बाहेरचा काळसरपणा हे केवळ वय. न्यूयॉर्कचा स्वातंत्र्यदेवतेचा पुतळा १८८६ साली उभा राहिला तेव्हा तांबूस होता. पुढे आलेला हिरवा थर आतल्या तांब्याचे रक्षण करतो, म्हणून १९८६ मध्ये पूर्ण झालेल्या दुरुस्तीतही तो तसाच ठेवला गेला.

तरीही मन म्हणते, देवापुढे काळे भांडे ठेवायचे? आजीने ते ठेवले नसते. खरे तर स्वतःचे नाव झिजवायला पहिली सुरुवात तिनेच केली. नावापेक्षा देवाचे भांडे लखलखीत असणे तिला मोलाचे होते.

शेवटी आम्ही सेरंगून रोडवरून चिंच आणली. ताम्हन-पळी लख्ख केली, कळशी आतून स्वच्छ केली. बाहेरून फक्त मऊ फडके फिरवले. नावावरून तर अगदी हलक्या हाताने.

मुलगी म्हणाली, "पणजी रागावली असती."

असेलही. तिला कळशी स्वच्छ हवी होती; आपल्याला कळशीत ती हवी आहे. यंदा तुमची भांडी बाहेर काढाल तेव्हा घासण्याआधी एकदा त्यांच्या गळ्याशी कोणाचे नाव आहे ते जरूर पाहा.