अडलेले मन आणि चालती पावले

'मन अडले की एका जागी बसून नाम घ्यावे, की उठून चालू लागावे?' असा प्रश्न आम्हांला कीर्तनानंतर पुष्कळदा विचारला जातो. विचारणारा बहुधा विचारी असतो. देहाची हालचाल म्हणजे चंचलता, आणि चंचलता तर मनाचाच रोग. मग रोगानेच रोग कसा बरा व्हावा? पातंजल योगातही आसन स्थिर असावे असेच सांगितले आहे.

शंका रास्त आहे. पण गीतेचा पहिला अध्याय आठवा. बुद्धी अडली तेव्हा अर्जुन काय करतो? धनुष्यबाण टाकून रथात बसतो. बसला म्हणून मन स्थिर झाले काय? छे! आणि भगवंत त्याला पुनःपुन्हा उठायलाच सांगतात. ऐतरेय ब्राह्मणातील रोहित वनातून घराकडे वळला की इंद्र ब्राह्मणवेषाने आडवा येतो नि म्हणतो, बाबा रे, हिंडत राहा. अडलेले मन बसल्याने थांबत नाही. ते घाण्याच्या बैलासारखे त्याच रिंगणात फिरते.

आमच्या बीड जिल्ह्यातून, पाटोद्याच्या बाजूने, पैठणहून नाथांची पालखी पंढरीस जाते. पारगाव घुमऱ्याला रिंगण होते. दिंडीत पहिले दोन दिवस बोलणे कशाचे? पेरणीचे, बांधाच्या भांडणाचे, सुनेचे. मग पावली सुरू होते. हात टाळात, मुख नामात, पाय मृदंगाच्या ठेक्यात. एक पाऊल चुकले तर शेजाऱ्याला धक्का लागतो! एवढी कामे अंगावर आल्यावर मनाने कुरकुरावे कोठे?

अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१४ साली दाखवून दिले की, बसलेल्यापेक्षा चालणाऱ्याला नव्या कल्पना अधिक सुचतात. कोऱ्या भिंतीकडे तोंड करून यंत्रावर चालले तरीसुद्धा. मात्र ज्याचे उत्तर एकच, अशा कोड्यात चालण्याचा लाभ दिसला नाही. हे आम्हांला पटते. अमरकोश पाठ करायचा तर मांडी घालूनच बसावे लागते.

आता खरी अडचण सांगतो. दसरा-दिवाळीनंतर याच जिल्ह्यातून हजारो जोडपी कोयता घेऊन ऊसतोडीला जातात. त्यांच्याइतकी अंगाची हालचाल कोणाची? पहाटेपासून वाकायचे, तोडायचे, मोळी डोक्यावर घेऊन गाडी भरायची. हालचालीनेच मन मोकळे होत असते तर ही मंडळी सर्वांत निश्चिंत दिसायला हवी होती. तशी ती नसतात. मुकादमाची उचल डोक्यात असते, आणि प्रत्येक मोळी त्या हिशेबात जाते. म्हणून नुसत्या पायांना श्रेय देणे आम्हांला मान्य नाही. ज्या पावलाचा कोणी हिशेब मागत नाही, तेच पाऊल मनाची गाठ सैल करते. आणि म्हणूनच पोटासाठी राबणाऱ्याला 'चाला म्हणजे चिंता जाईल' असे सांगत सुटणे हा निव्वळ उद्धटपणा होय. त्याची उचल आधी फिटली पाहिजे. ते काम टाळ-मृदंगाचे नव्हे.

तरीही हीच माणसे आषाढात पुन्हा चालतात, हे कोडे आहेच. आमच्या दिंडीतील एका ऊसतोड करणाऱ्या बाईंना आम्ही विचारले, "बाई, सहा महिने राबून पाय दमले नाहीत का?" त्या म्हणाल्या, "महाराज, दमलेत की. पण हितं कुणी मोजत न्हाई," आणि तुळस सावरून पुढच्या ओळीत गेल्या.